बाबांच्या मापाची बंदूक

मला नकला येतात. ह्या गोष्टीतला सगळा घोळ त्यातूनच झाला, म्हणून आधीच सांगून टाकतो. तालुक्याच्या शाळेत होतो तेव्हा एकदा हेडमास्तरांची नक्कल करत होतो आणि हेडमास्तर माझ्या मागे उभे होते. मला सोडून अख्ख्या वर्गाला ते दिसत होते. छड्या खाल्ल्या, पण प्रत्येक छडीनंतर ते जो बारीक सुस्कारा सोडायचे, तो तोवर माझ्याकडे नव्हता, तोही मिळाला.

मॅट्रिक झाल्यावर मुंबईला मामाकडे आलो. मामा काळाचौकीला चाळीत राहायचा आणि लालबागच्या एका गिरणीत फिटर होता. मला कॉटन ग्रीनला कापसाच्या गोदामात कारकुनी मिळाली. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते, रोज कुठे ना कुठे सभा. सेकंड शिफ्टवाल्यांची सभा चुकायची, मग रविवारी सकाळी गॅलरीत मी त्यांना ती करून दाखवायचो, पुढाऱ्यांच्या खोकल्यासकट आणि मधेच कुई करणाऱ्या लाउडस्पीकरसकट. टाळ्या पडायच्या त्या भाषणाला की मला, हे काही कळायचं नाही. मी त्या माझ्याच धरायचो.

पण चाळीत सगळ्यात जास्त मागणी बाबांना होती. म्हणजे माझ्या बाबांच्या नकलेला. बाबा तळकोकणात, आमच्या गावी, शाळेत शिपाई होते आणि रविवारचे शिकारी. शिकार म्हणजे वाघबिघ काही नाही. होले, हरोळ्या, कधी तित्तर, नशीब असेल तर ससा. मी त्यांची चाल करायचो, मधेच एक पाय उचलून थांबणं करायचो, बंदूक लावायच्या आधी डावा खांदा एकदा गोल फिरवून घेणं आणि नेम धरताना खालचा ओठ आत घेणं करायचो. हातात बंदुकीऐवजी मामीचा केरसुणीचा दांडा. मामाला आपले मेहुणे असे खोलीत उभे दिसले की हसून हसून ठसका लागायचा. मामी म्हणायची, पुरे रे, ते तिकडे उचक्या देत असतील.

त्या बाबांचं एक दिवस पत्र आलं. त्यांची पत्रं चार ओळींची असायची, हे आठ ओळींचं, म्हणून मी दचकलोच. लिहिलं होतं असं की, ज्या शेजाऱ्याच्या बंदुकीवर ते इतकी वर्षं शिकार करत होते तो शेजारी वारला, बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली, आणि गेले दोन हिवाळे ते हाकारा घालायला जातात. आमच्याकडे शिकारीच्या वाट्याची रीत पक्की आहे. ज्याच्या हातात बंदूक त्याला पहिला वाटा आणि वर मांडी. हाकारे घालणाऱ्यांना उरेल त्यातलं, पानात बांधून. बाबांनी लिहिलं होतं, ‘हाकाऱ्याचा वाटा खाऊन तोंड बेचव झाले आहे. छऱ्याची बंदूक बघ. तिला परवाना लागत नाही म्हणतात. स्वस्तातली बघ, परंतु पाखरू पडले पाहिजे. मी येथे सर्वांना सांगून बसलो आहे.’ दिवाळी झाल्यावर ते स्वतः बोटीनं येऊन ती घेऊन जाणार होते.

शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. बाबा आधी सांगून बसणाऱ्यांतले नव्हते. म्हणजे आता त्यांना रिकाम्या हातानं परतायची सोय नव्हती.

पत्र मामानं मोठ्यानं वाचलं आणि चाळीत मोठ्यानं वाचलेलं पत्र सगळ्यांचं होतं. संध्याकाळपर्यंत गॅलरीत घोषणा ठरली, बंदूक झालीच पाहिजे. ज्यांनी जन्मात उंदरावर चप्पल सोडून काही मारलं नव्हतं तेही मत द्यायला लागले. कुणी म्हणे जर्मनच घे, कुणी म्हणे आवाज मोठा असेल ती घे. मामाचं मत एकाच शब्दाचं होतं, स्प्रिंग. बाकी सगळं लाकूड आणि पॉलिश, म्हणे. स्प्रिंग जेवढी कडक तेवढा छर्रा लांब. गिरणीतल्या माणसाला हे पटतं. मलाही पटलं.

आम्ही दोन रविवार फिरलो. ट्रामनं गिरगावात जायचं आणि तिथून पायी गल्ल्या धुंडायच्या. नवी विलायती बंदूक नुसती काचेतून बघितली, माझ्या तीन महिन्यांच्या पगाराची होती. जुन्या मालात खूप होत्या, पण जुन्या बंदुकीचं जुन्या नोकरासारखं असतं, बाहेरून सलाम बरोबर, आत काय ते कळत नाही. मामानं त्याची युक्ती काढली. माझ्या सदऱ्यावर गोदामातला कापूस कायम चिकटलेला असायचा. तो त्यातली एक तूस काढायचा, छर्रा भरायला नळी जिथे वाकवून मोडतात त्या सांध्यावर ठेवायचा आणि दुकानदाराला चाप ओढायला लावायचा. तूस उडाली तर हवा सांध्यातून पळतेय, बंदूक परत. अशा आम्ही चार-पाच परत केल्या. एक दुकानदार म्हणाला, बंदूक लेने आये हो या कपास बेचने?

शेवटी एका म्हाताऱ्या शेठकडे तूस हलली नाही. त्याच्याकडे आमच्या आवाक्यातल्या दोन होत्या. एक जुनी इंग्लिश, जड, अक्रोडाचा दस्ता, स्प्रिंग अशी की नळी मोडताना माझ्याच तोंडातून आवाज निघाला. दुसरी हलकी, इथेच बनवलेली, तिच्यापेक्षा वीतभर आखूड आणि जवळजवळ निम्म्या किमतीत. हलकीचा छर्रा दुकानातल्या फळीत अडकून दिसत राहायचा. जड बंदुकीचा फळीत कुठे गेला ते शोधायला खिळा घालावा लागला.

मामा जड बंदुकीकडे बघून खूष. मी म्हटलं, थांब, बंदूक आपण मारायची नाहीय, बाबा मारणार आहेत. आणि मग मी ती गोष्ट केली जिचा मला तेव्हा फार अभिमान वाटला. दुकानात मी बाबा झालो. हनुवटी खाली, पाय फाकलेले, डावा खांदा एकदा गोल फिरवला, ओठ आत घेतला आणि दोन्ही बंदुका एकामागून एक लावून बघितल्या. हलकी बाबांच्या हातात खेळण्यासारखी वाटली, दस्ता गालाला लागेना. जड अशी बसली की जणू त्यांच्यासाठीच बनवलीय. नळी मोडायला बाबा जसे फणस फोडताना दम धरायचे तसा दम धरला आणि ती मोडली. शेठ चष्मा वर करून बघत राहिला. मामा म्हणाला, भावजींनी स्वतः येऊन घेतली असती तर हीच घेतली असती. आणि आम्ही ती घेतली.

शिंप्याकडे कपडे शिवताना लोक जुना सदरा नेतात मापाला. मी बाबांचं माप मुंबईत बसून, आठवणीतून दिलं होतं, आणि मला वाटलं की असं माप द्यायला आपल्याशिवाय कुणाला जमणार नाही.

बाबा यायला तीन आठवडे होते. एवढ्या दिवसांत बंदुकीला नुसतं खाटेखाली ठेवणं मामाला जमणारं नव्हतं. फिटरच्या घरात आलेली कुठलीही वस्तू एकदा उघडली जातेच. त्याच्या खात्यातले दोघे जण आले, वर्तमानपत्र पसरलं आणि बंदूक सुटी झाली. आतली चामड्याची वायसर त्यांना पसंत पडली नाही. गिरणीत सांच्यावर, म्हणजे मागावर, जाड पट्ट्याचं चामडं असतं, त्याचा एक टाकाऊ तुकडा मामानं आणला होता. त्यातून त्यांनी नवी वायसर कापली, तेलात दोन दिवस भिजवली, आणि स्प्रिंगच्या मागे एक चकती घालून ती आणखी आवळली. आधी तिला मोडताना माझ्या तोंडातून एक आवाज यायचा, आता दोन यायला लागले. पण छर्रा साबणाच्या वडीतून आरपार जाऊन मागच्या भिंतीचा पोपडा काढायचा. मामीनं साबणाचे तुकडे गोळा करत विचारलं, ह्या बंदुकीनं पाखरू मारायचं की त्याचं झाड?

बाबांची बोट सकाळी धक्क्याला लागली. मी उतरायच्या फळीपाशी उभा होतो. गर्दीतून ते उतरताना दिसले आणि पहिल्यांदा मला वाटलं, दुसरंच कुणी आहे. चाल तीच होती, पण डावा हात शरीराला चिकटून होता, जसा लहान मुलं ताप बघताना काखेत थर्मामीटर धरतात तसा. ट्रंक त्यांच्या उजव्या हातात होती. मी घ्यायला गेलो तर लगेच देऊन टाकली. बाबांनी मला कधी त्यांची ट्रंक दिली नव्हती. मी म्हटलं, हात काय झालाय? म्हणाले, बोटीत आखडला. चार वर्षांत मी घरी एकदाच गेलो होतो, तेही पहिल्याच वर्षी, दोन दिवस, आत्याच्या लग्नघाईत. आईला लिहिता येत नाही. मला सांगणारं दुसरं कुणी नव्हतं.

खोलीवर आल्यावर चहाच्या आधी त्यांनी बंदूक मागितली. दारात चार जण जमले होतेच. मामानं ती फडक्यातून काढून दोन्ही हातांवर ठेवून दिली, देवापुढे ठेवतात तशी. बाबांनी दस्त्यावरून हात फिरवला, वास घेतला, तोंडभर हसले. मग नळी मोडायला गेले.

डावा हात वर गेलाच नाही. त्यांनी उजव्या हातानं ओढून बघितलं, बंदूक फिरली. दस्ता पोटाला लावून बघितलं. तिसऱ्यांदा दम धरला, मी दुकानात धरला होता तसाच, आणि नळी दोन बोटं वाकून परत जागेवर आली. मामाच्या चेहऱ्यावर मला ती चकती दिसत होती. मला शांतता सोसत नाही, मी म्हणालो, नवीन सून आहे बाबा, सासऱ्यापुढे वाकायला लाजते. दारातले हसले. बाबाही हसले, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर. मग त्यांनी बंदूक फडक्यात गुंडाळली, स्वतःच, एका हातानं, आणि मामीला म्हणाले की चहा झाला असेल तर द्या.

दुसऱ्या दिवशी हरताळ होता. ट्रामा बंद, दुकानं बंद, गिरणीचा भोंगा झाला पण कुणी गेलं नाही. मामा सकाळपासून चकती काढायच्या मागे लागला होता. बाबांनी त्याला नको म्हटलं, आणि मला म्हणाले, चल, फिरून येऊ. आम्ही काळाचौकीच्या मैदानाकडे गेलो. मोर्चा अजून निघाला नव्हता, कडेला काही माणसं काठ्यांना झेंडे बांधत होती. आम्ही एका कठड्यावर बसलो. बाबा थोडा वेळ त्या झेंड्यांकडे बघत होते. मग अगदी सहज म्हणाले,

“तू माझी नक्कल करतंस म्हणे. मामान सांगितल्यान. कर बघूया.”

मी म्हटलं, मामाला काही कामं नाहीत. ते म्हणाले, कर. मी इकडे-तिकडे बघितलं. सबंध चाळीसमोर करताना मला कधी लाज वाटली नव्हती, ती त्या एका माणसासमोर वाटली. तरी उभा राहिलो. केली. चाल, थांबणं, खांदा, ओठ. हातात काही नव्हतं, रिकाम्या हातानंच नेम धरला. बाबा हसले नाहीत. आपण शिवलेला कोट गिऱ्हाइकाच्या अंगावर कसा पडतो ते शिंप्यानं लांबून बघावं तसे बघत होते, डोकं एका बाजूला करून.

“बरो केलंस,” ते म्हणाले. “असोच होतो मी. पण तू ह्याच्या मापाची बंदूक घेतलंस. तो आता खंय आसा?”

मी नेम धरलेला हात खाली घेतला. मी लोकांचे आवाज, चाली उचलतो आणि ठेवून देतो, मला वाटतं ते माझ्याकडे सुरक्षित आहेत. पण ज्याचं उचललं तो माणूस तिथेच थांबत नाही, हे मी कधी लक्षातच घेतलं नव्हतं. माझे बाबा चार वर्षांपूर्वीचे होते. मी रोज त्यांना खोलीत उभं करत होतो आणि खरे तिकडे म्हातारे होत होते.

मग त्यांनी सांगितलं. दोन पावसाळ्यांपूर्वी विहिरीच्या चिऱ्यांवरून घसरले. हाडवैद्यानं बसवलं, पण खांदा वर यायचा बंद झाला. मी म्हटलं, लिहिलं का नाही? तर म्हणाले, “लिवलं असतंय तर तू बंदूक नाय, तेलाची बाटली धाडलं असतंस.” ते खरं होतं.

मी उपाय काढायला लागलो. बंदूक घेऊन जा, म्हटलं, नळी दुसरा कुणी मोडून देईल, तुम्ही फक्त नेम धरा. पोरं आहेत ना बरोबर. बाबांनी मान हलवली.

“दुसऱ्यान भरून दिलेल्या बंदुकीन पाखरू पडला तर ता कोणाचा? परत माका हाकाऱ्याचोच वाटो.”

समोरून मोर्चा यायला लागला. आम्ही बाजूला झालो. बाबांनी मोर्चात ओळखीचं कुणी असावं तसा उजवा हात वर केला, पुढच्या दोघा-तिघांनी उलट केला, आणि तो जाईपर्यंत आम्ही उभे राहिलो.

दुकानं उघडली तशी आम्ही शेठकडे गेलो, बंदूक सतरंजीत गुंडाळून. मामा मुद्दाम पाळी बदलून आला होता, आणि ट्राममध्ये गप्प होता, कारण उघडलेला माल कुणी परत घेत नाही हे त्याला माहीत होतं. शेठनंही तेच सांगितलं. स्क्रूवर ओरखडे दिसतायत, बंदूक खोली है. मामानं खोटं सांगितलं नाही. हो म्हणाला, खोली है, और अच्छी की है. शेठनं वैतागून नळी मोडली, तिसऱ्या झटक्यात, आणि फळीवर एक बार काढला. मग फळीमागे जाऊन बघून आला. परत आला तेव्हा चेहरा बदलला होता. त्यानं विचारलं, वायसर कशाची? मामानं गिरणीचं नाव सांगितलं नाही, नुसतं म्हणाला, आमच्या हातची. पुढची पंधरा मिनिटं मी आणि बाबा त्या दोघांच्या लेखी तिथे नव्हतोच. दोघांचं चामडं, तेल, किती दिवस भिजवायचं असलं चाललं. शेवटी ठरलं असं की शेठ जड बंदूक पूर्ण किमतीला परत घेणार आणि मामा त्याला अशा चार वायसरी कापून देणार. मामा ट्राममध्ये गप्प होता त्याचं सगळं बोलणं त्यानं तिथे करून घेतलं.

बाबांनी तोवर हलकी बंदूक स्वतःच खाली काढली होती. दुकानाच्या पायरीवर बसले. उभ्यानं त्यांनी ती लावूनच बघितली नाही. नळीचं टोक मांडीवर टेकवलं, दस्ता उजव्या हातानं धरून वरून अंगाचा भार दिला. नळी मोडली. छर्रा घातला, बंद केली. डावं कोपर गुडघ्यावर ठेवलं, त्यामुळे खांदा वर न्यावा लागला नाही. मी दुकानात केलेल्या नकलेत ह्यातलं काहीही नव्हतं. गालाला दस्ता लागेना तर त्यांनी मान थोडी पुढे घेतली. एवढ्यानं काम झालं. ओठ मात्र आत घेतला.

शेठला वाटलं आम्ही फसतोय. त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, “बाबा, ये तो बच्चा लोग का है.”

बाबांना हिंदी येत नाही, पण त्यांनी त्याला हिंदीतच उत्तर दिलं. “पाखरू कू क्या मालूम?”

शेठ हसला आणि छऱ्यांची एक डबी वर दिली. मामानं बंदूक हातात घेऊन वायसरीकडे बघायला सुरुवात केली तेवढ्यात बाबांनी ती काढून घेतली आणि म्हणाले की हिला कुणी उघडायची नाही, आहे तशी राहू दे, मला आधी ती ओळखायची आहे.

वाटेत मी त्यांना विचारलं, मनात होतंच ते. एवढ्या कमी जोराच्या बंदुकीनं पाखरू पडेल का? जखमी होऊन गेलं तर? शिकारीत बाबांना एकाच गोष्टीचा राग यायचा, छर्रा लागून झुडपात जाऊन मेलेल्या पाखराचा. असं कुणाच्या हातून झालं की ते त्या दिवशी जेवत नसत. मी लहान असताना एकदा एक होला आम्ही अंधार पडेपर्यंत शोधला होता आणि तो सापडल्यावरच घरी आलो. बाबा म्हणाले, जोर कमी असला तर जवळ जायचं. किती जवळ ते मात्र माहीत पाहिजे. जो आपला पल्ला ओळखत नाही त्याच्या हातात जड बंदूक असली तरी तो पाखरं नासवणारच.

तर रविवारी आम्ही कॉटन ग्रीनला गेलो. सुट्टी होती, गोदामांमधली गल्ली मोकळी. पहारेकरी माझ्या ओळखीचा. मामीनं वनस्पती तुपाचा रिकामा डबा दिला होता. पानाच्या चंचीतला चुना बोटावर घेऊन बाबांनी त्यावर एक ठिपका काढला, होल्याच्या डोक्याएवढा. डबा एका दगडावर ठेवला. मला म्हणाले, तीस पावलं. मी मोजायला लागलो तर म्हणाले, तुझी नको, माझी पाहिजेत, आणि स्वतः चालत गेले.

तीस पावलांवर छर्रा डब्याला लागला आणि खाली पडला. पत्र्याला नुसता पोचा. पंचवीसवर पोचा जरा खोल. बावीसवर छर्रा पत्र्यात अडकला. प्रत्येक वेळी बाबा उठायचे, काही पावलं पुढे यायचे, जमिनीवर मांडी घालून बसायचे, नळी मांडीवर टेकवून मोडायचे. उठण्या-बसण्यात त्यांना त्रास होत होता. मी हात पुढे केला तेव्हा त्यांनी तो घेतला. अठरा पावलांवर छर्रा एका बाजूनं आत गेला आणि डब्याच्या आत खडखडला. त्यांनी तिथूनच पाच बार काढले. चार चुन्याच्या ठिपक्यात, पाचवा काठावर. पाचवा बघून ते बराच वेळ डबा फिरवत बसले.

“अठरा,” ते म्हणाले. “त्याच्या पलीकडचा पाखरू माझा न्हय.”

मला वाटलं आता घरी जायचं. मी बंदूक गुंडाळायला घेतली. पण बाबा गल्लीत चालायला लागले होते. समोर एक हातगाडी उभी होती. ते थांबले, तिच्याकडे बघितलं, तोंडातल्या तोंडात आकडा म्हणाले आणि मग तिथपर्यंत मोजत चालत गेले. परत आले. दुसऱ्या ठिकाणी उभे राहून एक पिंप धरलं, आकडा म्हणाले, चालले. पहिल्यांदा चार पावलांनी चुकले, मग तीन, मग दोन. गावच्या रानात असताना त्यांना हे करावं लागलं नव्हतं, मोठ्या बंदुकीला पाच-दहा पावलांचा फरक पडत नसे. पहारेकऱ्यानं मला विचारलं, तुझा बाप जमीन मोजतोय काय, गोदाम विकत घ्यायचं आहे का? एरवी मी ह्यावर अर्धा तास काढला असता. मी बिडी दिली आणि त्याला गप्प बसवलं.

मग मीही त्यांच्याबरोबर चालायला लागलो. ते मला विचारायचे, ते कबूतर किती? मी म्हणायचो वीस. ते म्हणायचे, पंचवीस, सोडलं. जाऊन बघितलं तर चोवीस भरायची. पत्र्याच्या पागोळीवरचं एक कबूतर त्यांनी सोडलं, तारेवरचा कावळा सोडला, गाठींच्या थप्पीवरचं मांजर सोडलं. बंदूक माझ्याकडेच होती, रिकामी. दोन तासांत त्यांनी गल्लीतलं जवळजवळ सगळं सोडून दिलं, आणि मी पाहिलंय त्यांना शिकारीत, इतके खूष ते पाखरू पडल्यावरही नसायचे.

उन्हं वर आली तेव्हा सांडलेल्या सरकीवर एक चिमणी येऊन बसली. बाबा थांबले. त्यांनी डोकं एका बाजूला केलं आणि म्हणाले, सतरा. मग पाय न वाजवता चालत निघाले, मी मागून मोजत. दहाव्या पावलाला चिमणी उडून गेली. ते थांबले नाहीत. ती बसली होती तिथे पोचेपर्यंत चालत राहिले, वळून माझ्याकडे बघितलं, आणि मी आकडा सांगायची वाट बघत उभे राहिले.

“सतरा,” मी म्हटलं.